मेला नावाचे झाड

मशिदीच्या मागच्या भिंतीला चिकटून एक झाड उगवले होते. ते कोणी लावले नव्हते आणि त्याला कोणी पाणीही घातले नव्हते. भिंत आणि सिमेंटची पायवाट यांच्यामधल्या चार बोटांच्या फटीत ते आपले आपण वाढत होते. लोदमधल्या त्या लहानशा सिनेगॉगला वडीलधारी माणसे अजून मशीदच म्हणतात. कोकणातून आलेल्या सामानाबरोबर जे शब्द आले, त्यांतला तो एक. २०१४ च्या नोव्हेंबरात पहिला मोठा पाऊस झाला आणि आतल्या भिंतीला ओल आली. कमिटीची माणसे मागे जाऊन पाहतात तो झाड पुरुषभर उंच झालेले आणि त्याच्या मुळाने सांडपाण्याचा पाइप बाजूला ढकललेला.

"तोडून टाका आणि बुंध्यावर औषध ओता. नाहीतर पुन्हा फुटेल," एकाने सुचवले.

एक मावशी मध्ये पडल्या. एका देठाला दोन्ही बाजूंनी ओळीने बारीक पाने आणि टोकाला एक पान, असे त्यांनी पाहिले होते. "कढीपत्ता आहे हो, तोडता काय!" असे म्हणून त्यांनी एक पान चुरडून नाकाशी धरले. वास काही येईना. मावशींनी पान टाकून दिले आणि पाठिंबाही काढून घेतला.

आजोबा तिथेच उभे होते. मशिदीतली सगळी मुले त्यांना आजोबाच म्हणतात. त्यांचा जन्म रेवदंड्याचा. मुंबईत रेल्वेच्या कारखान्यात काही वर्षे काम करून १९६९ मध्ये ते इस्राएलला आले आणि लोदजवळच्या विमान कारखान्यात फिटर होऊन निवृत्त झाले. त्यांच्या घरच्या मिरपेसेतमध्ये, म्हणजे आपल्या गॅलरीत, अळू, गवती चहा आणि कढीपत्त्याच्या कुंड्यांशेजारी पाच-सहा बोन्साय आहेत. त्यामुळे त्यांना लगेच दिसले की पानांच्या कडा करवतीसारख्या आहेत आणि पाने फांदीवर समोरासमोर आली आहेत. हा कढीपत्ता नव्हे, एवढे त्यांना कळले. झाडाचे नाव मात्र येईना.

नाव सांगितले त्यांच्या नातीने. ती तेव्हा पंधरा वर्षांची होती. शाळेच्या सहलीत तिने हे झाड पाटीसकट पाहिले होते. तिचे मराठी मोडके, पण धिटाईचे.

"आजोबा, हा मेला आहे."

"मेला? अगं बाय, पानं हिरवी आहेत. मेला कुठे?"

"नाही, नाही! मेला! नाव मेला!"

मागच्या अंगणात असे हशे पिकले की आत दिवे लावणारे शमाशही बाहेर आले.

हिब्रूमध्ये मेला हे ॲश जातीच्या झाडाचे नाव आहे. या देशात रानात उगवतो तो सीरियन ॲश, मेला सुरित. मेम, योद, लामेद, हे ही चार अक्षरे टिंबांशिवाय लिहिली तर तीच मिला अशीही वाचता येतात, आणि मिला म्हणजे शब्द. ब्रित मिलातला मिलाही याच अक्षरांचा. मिश्नेच्या मिद्दोथ या भागात यरुशलेमच्या मंदिराच्या देवडीचे चाळीस हात उंच दार वर्णिले आहे. त्या दारावर याच नावाच्या लाकडाच्या पाच तुळया होत्या. काही विद्वान ते लाकूड ओकचे मानतात.

कोकणात हे झाड नाही, म्हणून मराठीत त्याला घरगुती नाव नाही. मेलाला वाहते पाणी आवडते. उत्तरेला तेल दानच्या राखीव वनात दान नदीच्या गार प्रवाहांवर त्याची उंच झाडे सावली धरून उभी आहेत. गावांत रस्त्याच्या कडेलाही तो लावतात. हिवाळ्यात त्याची पाने गळतात. नवी पाने येण्याआधीच बारीक फुले येतात आणि मग बियांचे घोस लोंबतात. प्रत्येक बीला जिभेसारखा एकच चपटा पंख असतो. वारा आला की बी गरगरत दूर जाते. मशिदीसमोरच्या रस्त्यावर मेलाची तीन झाडे आहेत. त्यांतलीच एक बी छपरावरून घसरून फटीत पडली असणार.

आजोबांनी कमिटीला म्हटले, "औषध ओतू नका. मी काढून नेतो."

पण लगेच काढता येणार नव्हते. ते शमिताचे वर्ष होते. सातव्या वर्षी जमिनीला विसावा. त्या वर्षात झाड लावायचे नाही. तेव्हा पाइप तात्पुरता दुसरीकडून वळवला आणि कमिटीने आजोबांना मुदत दिली: शमिता संपल्यावरच्या पेसाहपर्यंत भिंत मोकळी झाली पाहिजे. नाहीतर करवत.

आजोबांना वाट पाहणे भाग पडले, आणि ते बरेच झाले. रानात किंवा पडीक जागी आपोआप वाढलेले झाड उचलून बोन्सायसाठी कुंडीत आणणे, याला जपानी लोक यामादोरी म्हणतात. त्यात घाई करणाऱ्याचे झाड मरते. हे आजोबा पुस्तकात वाचून शिकले नव्हते. काही वर्षांपूर्वी पाडल्या जाणाऱ्या एका घराच्या अंगणातून त्यांनी डाळिंबाचे जुने झाड आणले होते. त्याचा बुंधा पिळदार, म्हाताऱ्या माणसाच्या दंडासारखा. आजोबांनी उत्साहाच्या भरात सगळे एकाच दिवशी केले. नळाखाली धरून मुळांची जुनी माती कणन् कण धुतली, मुळे कापली, फांद्या छाटल्या, तारेने वळवल्या आणि सुंदर उथळ कुंडीत झाड बसवले. शेजारी येऊन पाहून गेले. दीड महिन्यात झाड वाळले. आजोबांनी ती कुंडी रिकामीच ठेवली आहे.

आणखी एक गोष्ट ते मुलांना बजावून सांगत. इस्राएलमध्ये राखीव वनातून झाड उपटणे तर दूरच, तिथले रानफूलही तोडायचे नसते. तेल दानच्या मेलाला कुणी हात लावायचा नाही. भिंतीतला मेला घेता आला, कारण जागा कमिटीची होती, कमिटीची परवानगी होती आणि झाडाच्या नशिबी एरवी औषधच होते.

पुढच्या रोश हशानाला शमिता संपली. तरीही आजोबा पाने गळेपर्यंत थांबले. झाडावर पाने असताना पानांतून पाणी उडत असते. त्या वेळी मुळे तोडली तर खालून पुरवठा बंद आणि वरून खर्च चालूच. हिवाळ्यात झाड झोपते, खर्च थांबतो. कळ्या फुगायला लागण्याआधी थोडे दिवस, ही झाड काढायची खरी वेळ. तूबिश्वात २५ जानेवारी २०१६ ला, सोमवारी येत होता. आजोबांनी त्याआधीचा शुक्रवार धरला.

त्या सकाळी आजोबा आणि नात हत्यारे घेऊन मशिदीच्या मागे गेले. नात आता सोळा संपून सतराव्यात होती. ती आजोबांना "तू" म्हणे. हिब्रूत मोठ्यांसाठी वेगळा शब्द नाही. लहान-थोर सगळ्यांना एकच. तिची आत्या दर वेळी टोके, "तुम्ही म्हण गं." आजोबा म्हणत, "म्हणू दे. बोलते हे काय कमी आहे?"

काम करता करता शब्द शिकवायचे, असे त्या दोघांचे ठरले होते. पहार, कुदळ, फावडे, करवत, छिन्नी, गोणपाट. पहार शब्द तिला फार आवडला, कारण ती उचलताना तोंडातून येणारा आवाज तसाच येतो, असे तिचे म्हणणे.

आधी आजोबांनी वरचे झाड कापले. दोन वीत बुंधा ठेवला, बाकी सगळे करवतीने उतरवले. नातीच्या डोळ्यांत पाणी आले. तिला वाटले, झाड वाचवायला आलो आणि हे काय? आजोबांनी समजावले, "खाली मुळं थोडीच येणार आहेत. थोड्या मुळांना मोठं घर चालवता येत नाही." कापलेल्या लाकडावर वर्तुळे अगदी स्पष्ट दिसत होती. ॲशच्या लाकडात वसंतात बनलेली मोठी छिद्रे रांगेने येतात, म्हणून वर्षे सहज मोजता येतात. नातीने नखाने मोजली. सात.

मग छिन्नीने पायवाटेचे सिमेंट फोडले. खाली काय असेल याचा आजोबांनी अंदाज बांधला होता: बुंध्याभोवती सगळीकडे पसरलेली मुळे आणि त्यांना तंतुमुळांचे झुपके. पाणी आणि अन्न खरे ओढतात ती तंतुमुळे. जाड मूळ म्हणजे नुसता पाइप. पण फटीत वाढलेल्या झाडाला चारी बाजूंना जागा कुठली? एक मनगटाएवढे मूळ सरळ भिंतीच्या पायाखाली गेले होते. ते करवतीने कापावे लागले. दुसरे पाइपात शिरले होते. तेही गेले. उरले ते रस्त्याच्या बाजूचे एक बारीकसे मूळ, पेन्सिलीहूनही बारीक. त्याच्या टोकाला तंतुमुळांचा झुपका आणि त्यात घट्ट धरलेले मातीचे एक ढेकूळ, सोललेल्या नारळाएवढे.

आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत.

"थोडं आहे?" नातीने विचारले.

"थोडं आहे," आजोबा म्हणाले. "पण आहे."

नातीने सवयीने नळाकडे पाहिले. ढेकळात सिमेंटचे तुकडे होते, काचेचा एक कपचा होता. धुऊन स्वच्छ करू या, असे तिला सुचवायचे होते. आजोबांनी डाळिंबाची गोष्ट तिला सांगितली आणि ढेकूळ तसेच ओल्या गोणपाटात बांधले. त्या मातीत मुळांची ओळखीची बुरशी आणि जिवाणू असतात. त्यांच्या जोरावर झाड नव्या जागी पहिले दिवस काढते. सैल झालेली माती बोटांनी काढून टाकली. मुळांनी धरून ठेवलेली काढली नाही.

घरी संत्र्यांची एक लाकडी पेटी तयार होती. तळाला जाळी बसवलेली. कुंडीत घालायला तुफ आणला होता. तुफ म्हणजे गोलान पठारावरची लाल-काळी ज्वालामुखी खडी. ती चाळणीने चाळून बारीक धूळ काढून टाकली, म्हणजे दाण्यांमध्ये हवा राहते, पाणी साचत नाही आणि मुळे कुजत नाहीत. कापलेल्या मुळांची टोके धारदार सुरीने पुन्हा एकदा स्वच्छ कापली. तळाला खडी, तिच्यावर ढेकळासकट झाड, मग भोवती पुन्हा खडी. बांबूच्या काडीने हळूहळू टोचत खडी मुळांच्या बेचक्यांत उतरवली. जाळीतून आणलेल्या तारेने बुंधा पेटीला आवळून बांधला. वरच्या मोठ्या कापावर मलम लावले आणि तळातून स्वच्छ पाणी येईपर्यंत झारीने पाणी दिले.

नातीने विचारले, "तार? आत्ताच वाकवतोस?"

"वाकवायला नाही. हलू नये म्हणून. नवीन मूळ दोऱ्यासारखं असतं. बुंधा हलला की तुटतं. आता वर्षभर हात लावायचा नाही. हलवायचं नाही. मुळं धरू दे."

पेटीच्या फळ्यांवर नातीने पेन्सिलीने त्या दिवसाचे शब्द लिहिले. मराठी शब्द, पण हिब्रू अक्षरांत: मूळ, माती, ढेकूळ, साल, तार, पहार. मराठी लिपी तिला अजून नीट येत नव्हती. मग आजींनी हाक मारली, कारण शब्बाथ लागायला दोन तास उरले होते आणि दोघांच्या अंगावर भिंतीची माती होती.

रविवारी रात्री मशिदीत तूबिश्वातचा मलिदा होता. आपल्या लोकांत हा दिवस एलियाहू हन्नाबीचा. अलिबागजवळच्या खंडाळ्याला नाबींचा रथ आकाशात गेला आणि खडकावर त्याच्या खुणा राहिल्या, असे वाडवडील सांगत आले. ताटात भिजवलेले गोड पोहे, खोबरे, वेलची, सुका मेवा आणि भोवती पाच फळे. आजोबा नेहमीप्रमाणे पुढे बसले, पण त्यांचे लक्ष नव्हते. भेटेल त्याला ते बोटाने दाखवत, एवढेच मूळ आले.

प्रार्थना झाल्यावर हाझानांनी झाडांविषयी चार शब्द सांगितले. तोराची आज्ञा आहे की नव्या फळझाडाची फळे पहिली तीन वर्षे खायची नाहीत. याला ओरला म्हणतात. मिश्नेत पुढचा प्रश्न येतो. नदीला पूर आला आणि तिने झाड मातीच्या ढेकळासकट वाहून नेऊन दुसरीकडे टेकवले, तर ते जुने झाड की नवे? उत्तर असे की त्या ढेकळावर ते जगू शकत असेल तर जुनेच. त्याची मागची वर्षे धरायची. जगू शकत नसेल तर नवे, पहिल्यापासून मोजायचे. आणि झाड उपटले गेले, पण एखादे मूळ जमिनीत शाबूत राहिले, तरीही ते जुनेच. ते मूळ किती जाड हवे? विणकराच्या सुईएवढे, असे एका रब्बींचे मत तिथे दिले आहे.

मेलाला खाण्याचे फळ नाही, त्यामुळे त्याला ओरला लागू नाही. पण आजोबा ताठ बसले. "विणकराची सुई म्हणजे केवढी?" त्यांनी मोठ्याने विचारले.

उत्तर हाझानांनी द्यायच्या आधी पाठीमागून त्या कढीपत्तावाल्या मावशी म्हणाल्या, "नौगावच्या किनाऱ्याला गलबत फुटलं तेव्हा सात बाप्ये आणि सात बायका वाचल्या. सगळं बुडालं. हातात काय राहिलं? शमा, शब्बाथ, सुंता आणि खवल्यांचेच मासे खायचे. एवढी ती सुई."

कुणी काही बोलले नाही. मग पोह्यांची ताटे फिरू लागली.

फेब्रुवारी गेला. मार्चमध्ये रस्त्यावरचे तिन्ही मेले पालवले. पेटीतला बुंधा मात्र जसाच्या तसा. पेसाहच्या साफसफाईला मशिदीत जमलेल्या माणसांना विनोद आयताच मिळाला. "काय आजोबा, तुमचा मेला मेला काय?" पहिल्यांदा आजोबा हसले. तिसऱ्यांदा हसले नाहीत.

त्यांनी नखाने साल खरवडून पाहिली. जिवंत झाडाची साल खरवडली की खाली ओला हिरवा थर दिसतो. वरच्या टोकाला थर तपकिरी आणि कोरडा होता. चार बोटे खाली, तसाच. एक वीत खाली आल्यावर कुठे फिकट हिरवे दिसले. म्हणजे झाड वरून मरत खाली येत होते, आणि ते कुठे थांबणार हे सांगता येत नव्हते. नातीने खत घालू या म्हटले. आजोबा नाही म्हणाले. नव्या कोवळ्या मुळांना खताने भाजते आणि झोपलेल्या झाडाला खत पचत नाही. पाणीही मोजून. पाने नसलेले झाड फार थोडे पाणी पिते. पेटी सावलीत, वाऱ्याच्या आड, आणि खडी वरून सुकली की झारी. याखेरीज करण्यासारखे काही नव्हते, आणि तेच सर्वांत अवघड होते.

पेसाहच्या सुट्टीत नात आजोबांकडे राहायला होती. एका पहाटे तिला मिरपेसेतमध्ये आवाज आला. आजोबा पेटीपाशी बसले होते. त्यांनी तार सोडली होती आणि बुंध्याला दोन्ही हातांनी धरले होते. वर उचलून पाहणार होते. खाली मुळे फुटली आहेत की कुजली आहेत, एकदा कळले म्हणजे सुटलो, असे त्यांना झाले होते. डाळिंबाच्या वेळी त्यांनी असेच तीनदा उचलून पाहिले होते. ही गोष्ट त्यांनी आजवर कुणाला सांगितली नव्हती.

नात दारातून म्हणाली, "हलवायचं नाही."

आजोबांनी मान वर केली.

"मुळं धरू दे," ती म्हणाली. "तूच म्हणालास."

आजोबांचे हात अजून बुंध्यावर होते. मग त्यांनी ते काढले. नातीने तार घेतली आणि त्यांनी शिकवले होते तशी पुन्हा आवळली. दोघे चहा प्यायला आत गेले.

पेसाहपासून ओमेर मोजायला लागतात, रोज रात्री एक दिवस. आजोबा त्याबरोबर मेलाकडेही एक नजर टाकत. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी बुंध्याच्या अगदी तळाशी, खडीच्या चार बोटे वर, सालीला एक फुगीर ठिपका दिसला. दुसऱ्या दिवशी आणखी एक, पलीकडच्या बाजूला. आजोबांनी नातीला फोन लावला.

"डोळा फुटला!" ते ओरडले.

फोनवर क्षणभर शांतता. "कुणाचा डोळा फुटला? आजोबा, दवाखान्यात जायचं?"

मराठीत झाडाच्या कळीलाही डोळा म्हणतात, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. त्या संध्याकाळी तिने पेटीच्या फळीवर हा शब्द सर्वांत मोठ्या अक्षरांत लिहिला.

झाड जगले, पण आजोबांच्या मनात होते तसे नाही. दोन वीत बुंध्यातला वरचा बराच भाग वाळला. कागदावर त्यांनी झाडाचे एक चित्र काढले होते, ते फाडावे लागले. आता खालच्या डोळ्यापासून नवे झाड घडवायचे होते. त्या वर्षी त्यांनी काहीच कापले नाही. फुटलेले सगळे वाढू दिले. जेवढी पाने, तेवढे अन्न. जेवढे अन्न, तेवढी मुळे. दुसऱ्या हिवाळ्यात वाळलेला बुंधा नव्या फांदीच्या वर तिरका कापला.

मेला बोन्सायसाठी सोपे झाड नाही. त्याची पाने मोठी आणि डहाळ्या जाड. दोन पेऱ्यांत अंतर फार. ओंजळीएवढ्या कुंडीत तो शोभत नाही. त्याला थोडा मोठा आकारच द्यावा लागतो. फांदी वाढली की दोन पाने ठेवून शेंडा खुडायचा. झाड पुरते जोरात आले की उन्हाळ्याच्या सुरुवातीला मोठी पाने कापायची. मग नवी पाने लहान येतात आणि फांद्या घन होतात. लोक समजतात की बोन्साय म्हणजे झाडाला उपाशी ठेवणे. उलट ते नीट खाऊन-पिऊन असले तरच छाटणी सोसते.

२०१७ च्या उन्हाळ्यात नात लष्करात गेली. दोन वर्षांची सेवा. तळ दक्षिणेला, वाळवंटात. शुक्रवारी दुपारी शब्बाथच्या आधी ती फोन करी आणि सुरुवातीचे वाक्य नेहमी एकच: "मेला कसा आहे?" एकदा तिच्या शेजारच्या मैत्रिणीच्या आजी मराठी निघाल्या. त्या फोनवरच्या बोलण्याने घाबरल्या आणि कोण गेलं म्हणून विचारू लागल्या. ही गोष्ट नातीने घरी येऊन सांगितली तेव्हा आजींना हसताना ठसका लागला.

२०१८ च्या फेब्रुवारीत, तिला दोन दिवसांची रजा होती तेव्हा, त्यांनी मेला पहिल्यांदा पेटीतून काढला. तंतुमुळे पेटीच्या चारी कोपऱ्यांत पोचली होती. मधोमध ते जुने ढेकूळ अजून दिसत होते, काचेच्या कपच्यासकट. आजोबांनी त्याचीही माती एकदम काढली नाही. या खेपेला एका बाजूची काढून तिथे नवी खडी भरली. दुसरी बाजू दोन वर्षांनी. एका बाजूची मुळे नव्या खडीत शिरत असताना दुसरी बाजू झाडाला पोसते. मेला आता उथळ मातीच्या कुंडीत आला, पण ती कुंडीही सरावाची. पेटी मोडली तेव्हा शब्द लिहिलेल्या फळ्या नातीने वेगळ्या काढून ठेवल्या.

२०२० चा तूबिश्वात फेब्रुवारीच्या १० तारखेला होता. नात सेवा संपवून घरी आली होती आणि मशिदीतल्या मराठी वर्गात लहान मुलांना मदत करू लागली होती. मलिद्याच्या संध्याकाळी तिने आजोबांना विचारले, "तुम्ही मेला आणाल का? मुलांना दाखवू." आजोबांनी त्या "तुम्ही"कडे काही लक्ष दिले असे दाखवले नाही. आत्याने मात्र दिले.

कुंडी खिडकीत ठेवली. झाड जेमतेम हातभर उंच, पाने नुकतीच गळलेली, बुंध्याच्या बाजूला जुन्या कापाची भरत आलेली खूण. मुले भोवती जमली. नाव ऐकून जे व्हायचे तेच झाले. हसून हसून दोघे खाली बसले.

हसणे थांबल्यावर एका मुलाने विचारले, "हे झाड किती वर्षांचं? चार?"

पेटीत लावल्यापासून खरोखरच चार वर्षे झाली होती. आजोबा उत्तर द्यायला पुढे झाले, पण नात आधी बोलली.

"अकरा," ती म्हणाली. "भिंतीजवळची सात धरायची."

"का?"

तिने मुलाला जवळ बोलावले आणि कुंडीच्या एका बाजूची खडी बोटाने जराशी सारली. खाली करड्या मातीत हिरव्या काचेचा कपचा चमकला.